तयार उत्तराचा इतिहास : वर्धा, परीक्षा आणि लिहिणारे यंत्र

१

वर्धा शहरातून आर्वीकडे निघालेल्या रस्त्यावर पिपरी (मेघे) हे गाव आहे. सावंगी, बोरगाव, सिंदी या शेजारच्या गावांप्रमाणे त्याच्याही नावाला 'मेघे' ही खूण जोडलेली आहे, आणि त्यांच्याप्रमाणेच तेही आता शहरापासून वेगळे काढता येत नाही. येथे २०१७ साली शिक्षा मंडळाने बजाज इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. हे शिक्षा मंडळ म्हणजे जमनालाल बजाज यांनी १९१४ मध्ये स्थापन केलेले मारवाडी शिक्षा मंडळ. त्याच मंडळाच्या विद्यालयाच्या रौप्यमहोत्सवाचे निमित्त साधून २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षणपरिषद भरली होती, आणि 'वर्धा योजना' किंवा 'नई तालीम' म्हणून ओळखली जाणारी शिक्षणपद्धती तिच्यातूनच निघाली. एकाच संस्थेच्या एका शतकात टकळी आणि संगणक अशी दोन टोके आलेली पाहिली की त्यांच्यात सरळ विरोध मांडण्याचा मोह होतो. हात विरुद्ध यंत्र, ग्राम विरुद्ध नगर, गांधी विरुद्ध आधुनिकता ही आपल्या वैचारिक लेखनातली जुनी, सवयीची जोडपी आहेत. प्रस्तुत विषयाच्या संदर्भात ती फारशी उपयोगी नाहीत. टकळी हेही एक यंत्रच आहे, आणि १९३७ च्या परिषदेपुढचा खरा प्रश्न यंत्राचा नव्हता. विद्यार्थ्याने समोर ठेवलेली वस्तू त्याने शिकून केली आहे हे शिक्षकाला कळते कसे, असा तो प्रश्न होता. शाळेच्या संदर्भात विचारलेला हा प्रश्न आज विद्यापीठांच्या, आणि विशेषतः भाषा व वाङ्मयविभागांच्या, दाराशी उभा आहे.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांना खुले झाले. त्यानंतर अल्पावधीतच मराठीत विचारलेल्या प्रश्नाला मराठीत सविस्तर उत्तर देणारी अशी अनेक भाषायंत्रे विद्यार्थ्यांच्या हातातील मोबाइलवर आली. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२५ हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे वर्ष म्हणून जाहीर केले. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात शिक्षणातील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या उत्कृष्टता केंद्रासाठी ५०० कोटी रुपयांची घोषणा झाली. तंत्रशाखांत या घटनेची चर्चा रोजगाराच्या अंगाने होते, मानव्यविद्यांत ती बव्हंशी चोरीच्या अंगाने. यंत्र बाहेरून आले आणि त्याने आपले निष्पाप वर्ग बिघडवले, असा या दुसऱ्या चर्चेचा सूर असतो. तो ऐतिहासिकदृष्ट्या टिकणारा नाही. यंत्राने जी जागा घेतली ती अगोदरच रिकामी होती. किंबहुना ती जागा निर्माण करूनच आपली विद्यापीठे उभी राहिली, असे मला दाखवायचे आहे.

२

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही १८५७ ची विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर रचली गेली. ती शिकवीत नव्हती. शिकविण्याचे काम महाविद्यालये करीत, विद्यापीठ अभ्यासक्रम नेमी, परीक्षा घेई आणि पदवी देई. अध्यापन करण्याची कायदेशीर मोकळीक त्यांना १९०४ च्या कायद्याने मिळाली, म्हणजे जवळजवळ अर्धशतक विद्यापीठ ही मुख्यतः परीक्षा घेणारी कचेरी होती. या अर्धशतकात 'उत्तर' नावाचा एक नवा गद्यप्रकार आपल्याकडे घडला. मराठी गद्याचा इतिहास सांगताना आपण निबंध, कादंबरी, वृत्तपत्रीय लेखन यांची वाटचाल तपशिलाने सांगतो. पण दीडशेहून अधिक वर्षे लक्षावधी सुशिक्षितांनी जो एकच गद्यप्रकार सक्तीने लिहिला, त्याचा विचार वाङ्मयेतिहासकाराने केलेला नाही. त्याची लक्षणे मात्र कोणालाही सांगता येतील. तो तीन तासांत लिहायचा असतो. ज्याला तो लिहायचा तो वाचक अदृश्य असतो आणि लिहिणाराही वाचकाला अदृश्य असतो. प्रश्नातील क्रियापद, म्हणजे 'विशद करा', 'चर्चा करा', 'विशेष सांगा', 'टीप लिहा', त्याची रचना ठरविते. आणि तो वाचला जातो तो ताडून पाहण्यासाठी. परीक्षकापाशी मुद्द्यांची यादी असते. उत्तरात तेच मुद्दे असतील तर गुण मिळतात.

१९०२ च्या भारतीय विद्यापीठ आयोगाने या रचनेवर नेमके बोट ठेवले होते : परीक्षा अध्यापनाच्या अधीन असायला हवी, येथे अध्यापनच परीक्षेच्या अधीन झाले आहे. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने तर विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षेची सुचवू, अशा अर्थाचा निर्वाळा दिला. दोन्ही आयोगांचे अहवाल ग्रंथालयांत गेले आणि १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठासह पुढच्या सर्व विद्यापीठांच्या संलग्न महाविद्यालयांत तीच घडण चालू राहिली. वर्ध्याची महाविद्यालये याच नागपूरच्या छत्राखाली वाढली.

जेथे वस्तूच्या घडणीकडे पाहिले जात नाही, केवळ घडलेली वस्तू तपासली जाते, तेथे ती वस्तू तयार करून विकणारा बाजार उभा राहणे अटळ असते. गाइड, मार्गदर्शक, संभाव्य प्रश्नसंच, 'अपेक्षित', सरांच्या जुन्या नोट्स आणि झेरॉक्सच्या दुकानात त्या नोट्सच्या गठ्ठ्यावर लावलेली विषयाची चिठ्ठी, या सगळ्या परंपरेला आपण हसतो, आणि तिच्याच आधाराने उत्तीर्ण झालेलो असतो. 'अपेक्षित' या शब्दाकडे जरा थांबून पाहावे. असे प्रश्नसंच बनविण्याची रीत अशी की मागील दहा-बारा वर्षांच्या प्रश्नपत्रिका घ्यायच्या, कोणता प्रश्न किती वेळा आणि किती अंतराने आला ते मोजायचे, आणि यंदा काय येण्याची शक्यता अधिक ते ठरवायचे. हे वारंवारतेवरून संभाव्यता काढणे आहे. आजचे भाषायंत्र तत्त्वतः हेच करते, मात्र प्रश्नाच्या ऐवजी शब्दाच्या पातळीवर : आधीच्या अफाट मजकुरात कशामागे काय येते याचे मापन करून पुढे काय यावे हे ते ठरवीत जाते. गाइडकर्त्याने प्रश्न 'अपेक्षित' केला होता, यंत्राने वाक्यच 'अपेक्षित' केले आहे.

म्हणूनच यंत्राचे मराठीतील उत्तर आपल्या प्राध्यापकांना इतके ओळखीचे वाटते. केशवसुतांच्या काव्याचे विशेष त्याला विचारावेत : प्रास्ताविक, पाच किंवा सहा मुद्दे, प्रत्येकाला जवळपास सारखी लांबी, विरुद्ध मताला एक नम्र वाक्य आणि समन्वयाचा समारोप. कोणत्याच विधानाशी भांडता येत नाही, कारण कोणतेच विधान कोणी तरी केलेले आहे असे वाटत नाही. या उत्तरात वाक्यरचनेचा इंग्रजी सांगाडा अधूनमधून मराठी कातड्याखालून दिसतो, पण एम. ए. च्या उत्तरपत्रिकांतील मराठी वाचलेल्यांना तेवढ्याने धक्का बसण्याचे कारण नाही.

तथापि या तयार उत्तराची निंदा करताना दोन गोष्टी विसरता कामा नयेत. पहिली अशी की गाइडचा तिरस्कार करणे ज्यांच्या घरात पुस्तकांचे कपाट होते त्यांना परवडत होते. ज्याच्या घराण्यात तोच पहिला महाविद्यालयात गेला, ज्याच्या तालुक्याच्या ग्रंथालयात संदर्भग्रंथाची एकच प्रत आणि तीही प्राध्यापकांच्या नावावर, त्याच्यासाठी वीस-पंचवीस रुपयांचे गाइड हाच विद्यापीठात शिरण्याचा दरवाजा होता. आज तोच विद्यार्थी, वर्गात विचारायला संकोचणारा, रात्री अकरा वाजता यंत्राला विचारतो की 'अपोहवाद' म्हणजे काय. आणि न समजल्यास पुन्हा विचारतो, तिसऱ्यांदा विचारतो. यंत्र त्याला आडनाव विचारत नाही आणि चिडत नाही. या सोयीचे मोल न कळणारा माणूस आपल्या उच्च शिक्षणाविषयी बोलण्यास फारसा पात्र नाही, असे मला वाटते.

दुसरी गोष्ट अधिक अडचणीची आहे. परीक्षेची अनामिकता, म्हणजे नावाऐवजी क्रमांक आणि ओळखीच्या शिक्षकाऐवजी अनोळखी परीक्षक, ही केवळ वसाहती नोकरशाहीची खोड नव्हती. जातिग्रस्त समाजात ती न्यायाची एक किमान हमी होती. जो शिक्षक विद्यार्थ्याला ओळखतो त्याला त्याचे कूळही ठाऊक असते. मग घडण पाहणारा शिक्षक हवा की केवळ घडलेली वस्तू पाहणारा अनोळखी परीक्षक, या प्रश्नाचे उत्तर वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्याने आणि वर्गाबाहेर बसविल्या गेलेल्याने वेगवेगळे दिले तर नवल नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात विद्यापीठ विधेयकावर बोलताना घेतलेली भूमिका या दृष्टीने मुळातून वाचण्यासारखी आहे. केवळ परीक्षा घेण्यात आणि पदव्या वाटण्यात गुंतलेल्या विद्यापीठाला आपल्या अस्तित्वाचे समर्थन करता येणार नाही, गरजू आणि गरीब यांच्या दारापर्यंत उच्चतम शिक्षण नेणे हे त्याचे मूलभूत काम आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. म्हणजे परीक्षकाच्या अनामिकतेचा लाभ ज्या वर्गाला सर्वाधिक होता, त्याच वर्गाच्या प्रतिनिधीने परीक्षा-यंत्रणा म्हणून असलेले विद्यापीठ अपुरे ठरविले. आंबेडकरांना हवा होता तो शिकविणारा समुदाय, गाइडला पर्याय असलेला. तो मिळाला नाही. गाइड मिळाले.

३

१९३७ च्या परिषदेत चार ठराव झाले : सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती सर्व शिक्षणाची गुंफण, आणि त्यातून कालांतराने शिक्षकांच्या वेतनाचा खर्च निघावा ही अपेक्षा. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २ डिसेंबर १९३७ रोजी अहवाल दिला. समितीत विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मशरूवाला, जे. सी. कुमारप्पा, आर्यनायकम दांपत्य अशी वर्ध्याच्या परिसरातील माणसे होती, तसे ख्वाजा गुलाम सैय्यदैन यांच्यासारखे शिक्षणशास्त्रज्ञ आणि के. टी. शहांसारखे अर्थशास्त्रज्ञही होते. या योजनेवर आपल्याकडे जी चर्चा झाली ती चौथ्या ठरावाभोवती, स्वावलंबनाभोवती, फिरत राहिली. आणि ती रास्तच होती. मुलांच्या श्रमावर शाळा चालवायची का, शाळेतला माल कारागिराच्या मालाशी स्पर्धा करील का, हे आक्षेप परिषदेतच घेतले गेले होते. पण या गदारोळात अहवालाचा परीक्षेविषयीचा भाग मागे पडला, आणि माझ्या मते सर्वांत दूरवर पोचणारा भाग तोच होता.

समितीने प्रचलित परीक्षा शिक्षणाला शापरूप ठरविली आणि ती काढून टाकावी असे सुचविले. तिच्या जागी एखाद्या भागातील शाळांमधील निवडक विद्यार्थ्यांच्या गटांची नमुना-तपासणी करावी, म्हणजे एकेका मुलाला तराजूत घालण्याऐवजी शाळेचे काम तपासावे, असा तिचा प्रस्ताव होता. मूल काय शिकले हे त्याच्या रोजच्या कामात शिक्षकाला दिसणारच आहे, हे त्यामागचे गृहीत. टकळीवर सूत काततानाचा अनुभव घेतलेल्याला हे गृहीत लगेच पटेल. धागा तुटतो तेव्हा तो का तुटला हे पेळूत, बोटांच्या पकडीत किंवा टकळीच्या गतीत दिसते. चूक आणि तिचे कारण एकाच ठिकाणी असतात. सुताचा अंक, मजबुती, समानता ही मापे वस्तूची असली तरी ती घडत असताना शिक्षक शेजारी असतो. लिहिलेल्या उत्तराचे तसे नसते. उत्तरात धागा कोठे तुटला होता आणि तो कसा जोडला, हे पूर्ण झालेल्या पानावर दिसत नाही; आणि चांगल्या उत्तराची आपली कल्पनाच अशी की गाठी दिसू नयेत.

हे सगळे सात वर्षांच्या शाळेपुरते होते. विद्यापीठाच्या पातळीवर त्याचा विचार झाला तो सेवाग्रामलाच, आणि तो फार थोडा काळ. राधाकृष्णन आयोगाचे एक सदस्य आर्थर मॉर्गन यांनी ग्रामीण विद्यापीठाची कल्पना आयोगाच्या अहवालात आणली. तिच्याविषयीची त्यांची पुस्तिका हिंदुस्तानी तालिमी संघाने सेवाग्रामहून प्रसिद्ध केली. बुनियादीच्या पुढे उत्तर-बुनियादी आणि तिच्या पुढे ग्रामविद्यापीठ अशी साखळी आर्यनायकम आणि आशादेवींच्या मनात होती. १९५९ मध्ये तालिमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला. जे पालक भाषणांत नई तालीमची स्तुती करीत त्यांची मुले नागपूर-मुंबईच्या परीक्षांना बसत होती, हे या अपयशाचे साधे कारण आहे; बाकीची कारणे त्याच्या मागोमाग येतात.

शाळेत जे उरले त्याचे काय झाले हेही सांगायला हवे. सूतकताईचा तास अनेक ठिकाणी निव्वळ कवायत झाला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) त्याच्या जागी 'कार्यानुभव' आणला. पुढे कार्यानुभवाच्या तासाला दाखवायच्या वस्तू, म्हणजे कागदी फुले, तोरणे, थर्मोकोलची घरे, स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळू लागल्या. घडण पाहण्यासाठी निर्माण केलेल्या विषयातही तपासली गेली ती घडलेली वस्तूच, आणि तिचाही बाजार उभा राहिला. तेव्हा हस्तोद्योग आणला की प्रश्न सुटतो अशी समजूत वर्ध्याच्या नावाने कोणी करून घेऊ नये. पाहणारा शिक्षक नसेल तर टकळीदेखील गाइड होते.

यंत्राविषयी वर्ध्याच्या मंडळींची भूमिका काय होती हे समजण्यासाठी १९२९ ची एक जाहिरात अधिक उपयोगाची आहे. अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. अटी अशा : खेड्यातल्या साध्या झोपडीत तो हाताने वा पायाने चालला पाहिजे; एका बाईला विशेष थकवा न येता तो आठ तास चालविता आला पाहिजे; आठ तासांत १६,००० फूट सूत निघाले पाहिजे; किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी; तो वीस वर्षे टिकावा आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांच्या आत राहावा. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पण या अटींत यंत्रद्वेषाचा लवलेश नाही. यंत्राला काय करता येते हा त्यांचा एकमेव प्रश्न नव्हता. ते कोण चालवील, त्याने चालविणाऱ्याच्या देहावर काय भार पडेल, बिघडल्यास कोण दुरुस्त करील, हे प्रश्न त्यांच्यासाठी बरोबरीचे होते. भाषायंत्राला या अटी लावून पाहिल्या तर पहिली कदाचित तो उत्तीर्ण करील, कारण ते झोपडीतल्या मोबाइलवर चालते. दुरुस्तीच्या अटीवर मात्र ते अडते. मराठीत ते चुकले तर ती चूक दुरुस्त करण्याचा अधिकार वर्ध्यातल्या कोणाकडेही नाही. शिवाय संगणकाच्या प्रचलित संकेतांत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला रोमन अक्षराच्या तिप्पट जागा लागते, आणि बहुतेक यंत्रे मराठी मजकुराचे इंग्रजीपेक्षा अधिक तुकडे पाडतात. जेथे तुकड्यांवर दर आकारला जातो तेथे तोच विचार मराठीत महाग पडतो.

४

विद्यापीठांनी या परिस्थितीला जे उत्तर दिले ते साम्यमापनाचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांनी प्रबंधातील साम्याचे टक्के ठरवून दिले : दहापर्यंत क्षम्य, दहा ते चाळीस पहिली पायरी, चाळीस ते साठ दुसरी, साठांच्या पुढे तिसरी, आणि प्रत्येक पायरीला शिक्षा. चोरी म्हणजे अन्य मजकुराशी शब्दांचे साम्य, ही यातील व्याख्या आहे. चार वर्षांत ती निरुपयोगी झाली, कारण यंत्राचा मजकूर सहसा कोणत्याच एका मजकुराशी पुरेसा जुळत नाही. मग यंत्र ओळखणारी यंत्रे आली. ती अंदाज सांगतात, पुरावा देत नाहीत. २०२४ मध्ये हरियाणातील एका खाजगी विद्यापीठातल्या विधी शाखेच्या विद्यार्थ्याने आपले उत्तर यंत्ररचित ठरविण्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली. विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केल्याचे सांगितल्यावर ते प्रकरण मिटले. तत्त्वाचा निकाल लागला नाही.

साम्याच्या या भाबड्या कल्पनेपेक्षा कितीतरी सूक्ष्म विचार आपल्या काव्यशास्त्रात दहाव्या शतकात झालेला आहे. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात, म्हणजे आजच्या वाशिमला, लावणाऱ्या राजशेखराने 'काव्यमीमांसे'त हरणाचे अध्यायच लिहिले. शब्दहरण वेगळे, अर्थहरण वेगळे. अर्थहरणातही प्रतिबिंबकल्प, आलेख्यप्रख्य, तुल्यदेहितुल्य आणि परपुरप्रवेशसदृश अशा पायऱ्या त्याने लावल्या. आनंदवर्धनाने काव्यसंवादाचे तीन प्रकार सांगितले होते, राजशेखराने त्यांना चौथ्याची जोड दिली. आजचे साम्यमापक यंत्र राजशेखराच्या शब्दहरणापाशीच थांबते. आरशातले प्रतिबिंब त्याला दिसते, चित्र दिसत नाही. आणि भाषायंत्राचे लेखन बहुधा आलेख्यप्रख्य असते : मूळ आशय तोच, थोड्या संस्कारामुळे वेगळा भासणारा. राजशेखराचे मर्म मात्र वर्गीकरणात नाही. घेण्यापासून कोणीच मुक्त नाही हे त्याला मान्य आहे. त्याचा प्रश्न घेणाऱ्याने घेतलेल्याचे काय केले हा आहे. त्याने कवींचेही प्रकार लावले ते यामुळेच. हरण ही त्याच्या दृष्टीने कर्त्याची क्रिया आहे, मजकुराचा गुणधर्म नाही.

येथे आपल्या समीक्षेच्या अलीकडच्या इतिहासातील एक विसंगती नोंदविण्यासारखी आहे. रोलां बार्थचा लेखकाच्या मृत्यूविषयीचा निबंध १९६७-६८ चा. मराठीत त्याची चर्चा उशिरा रुजली, पण रुजल्यावर पदव्युत्तर वर्गांत ती श्रद्धेने शिकविली गेली. संहिता म्हणजे उद्धृतांचे विणकाम, लेखक हा उगम नव्हे, असे आपण सांगत होतो. आता उगम नसलेले, उद्धृतांचेच विणकाम असलेले लेखन खरोखर समोर आल्यावर मात्र आपण घाईने लेखकाला शोधू लागलो आहोत. फूकोने १९६९ मध्ये याचे कारण जवळपास सांगून ठेवले होते : लेखनाला लेखक चिकटला तो लेखनाबद्दल कोणाला तरी शिक्षा करता यावी म्हणून. २०१८ चे विनियम वाचताना त्याची आठवण होते. परंतु उत्तरदायित्वाची कल्पना शिक्षेपुरती मर्यादित ठेवण्याचे कारण नाही, आणि त्यासाठी पॅरिसलाच गेले पाहिजे असेही नाही.

वर्ध्याच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ऋद्धिपूर आहे, जेथे आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने चक्रधरांच्या लीळा जमविल्या त्या ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन, विचारून, आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेऊन. पुढे मूळ पोथी नष्ट झाली. ती पुन्हा उभी करताना महानुभावांनी वेगवेगळ्या स्मरणांतून आलेले पाठ एकजीव करून टाकले नाहीत. हा पाठ अमक्याचा, तो तमक्याचा अशा नोंदी त्यांनी जपल्या. वि. भि. कोलते यांनी १९७८ मध्ये सिद्ध केलेली 'लीळाचरित्रा'ची आवृत्ती या नोंदींच्या आधारेच उभी आहे. मराठीतील पहिला गद्यग्रंथ असा आहे की ज्याच्या वाक्यावाक्यामागे 'हे कोणी सांगितले' याचा हिशेब आहे, आणि जेथे सांगणाऱ्यांत मतभेद आहे तेथे तो उघडा ठेवलेला आहे. गाठी दिसतात, आणि त्या दिसतात म्हणूनच ग्रंथ विश्वसनीय ठरतो.

भाषायंत्राच्या लेखनात नेमका हाच हिशेब नसतो. अस्तित्वात नसलेल्या ग्रंथाला लेखक, प्रकाशक आणि वर्ष देऊन ते संदर्भ म्हणून पुढे करते, ही त्याची खोड आता सर्वांना माहीत आहे. ते खोटे बोलते असे म्हणणे बरोबर नाही. संदर्भाचा आकार त्याला ठाऊक असतो, संदर्भाचे कारण ठाऊक नसते. शं. ग. दाते यांची ग्रंथसूची १८०० ते १९५० पर्यंतच्या मराठी ग्रंथांसाठी उपलब्ध असताना असा बनावट ग्रंथ पकडायला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे विद्यार्थ्याने दिली नाहीत हा दोष खरा. पण आमच्या किती मार्गदर्शकांनी प्रबंधाच्या शेवटच्या पानांवरील एकेक ग्रंथ विद्यार्थ्याने हातात घेतला होता का, हे यंत्र येण्यापूर्वी तरी विचारले होते? २०१० नंतर प्राध्यापकांच्याच पदोन्नतीसाठी शोधनिबंध गुणांकाने मोजले जाऊ लागले, तेव्हा तयार उत्तराची रीत परीक्षार्थीकडून परीक्षकाकडे सरकली होती.

५

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अंतर्गत आणि सातत्यपूर्ण मूल्यमापनावर भर दिला. महाराष्ट्रात ते पदव्युत्तर स्तरावर २०२३-२४ पासून आणि पदवीला पुढच्या वर्षापासून लागू होऊ लागले. गृहपाठ, प्रकल्प, लघुशोधप्रबंध, परिसंवादातील निबंध, म्हणजे घरी बसून लिहायच्या गोष्टींचे वजन वाढले. उद्देश १९३७ च्या उद्देशापासून फार दूरचा नव्हता. एका दिवसाच्या परीक्षेऐवजी वर्षभराचे काम पाहायचे होते. परंतु एकेका प्राध्यापकामागे विद्यार्थ्यांची संख्या, तासिका तत्त्वावर नेमलेले अध्यापक, वर्षानुवर्षे न भरलेल्या जागा यांमुळे वर्षभराचे 'काम' पाहणारा कोणी नव्हताच. पाहिले गेले ते वर्षअखेरीस जमा झालेले कागद. या धोरणाची अंमलबजावणी आणि यंत्राचे आगमन एकाच दोन-तीन वर्षांत घडावे हा योगायोग आहे, पण त्याचे परिणाम योगायोगाचे नाहीत. घरी लिहायचा भाग वाढला आणि घरी लिहिणारा नवा सहायक त्याच वेळी मिळाला.

यावर जो उपाय आता विभागाविभागांत बोलला जातो तो परतीचा आहे : घरचे लेखन कमी करा, बंद सभागृहात, पर्यवेक्षकाच्या नजरेखाली, हाताने लिहून घ्या. त्याची गरज मला समजते. वर सांगितलेली अनामिकतेची किमान हमीही त्यात शाबूत राहते. फक्त आपण कोठे परत जात आहोत याचे भान असावे. ते ठिकाण १८५७ चे आहे, आणि तेथेच 'अपेक्षित'चा जन्म झाला होता.

दुसरी वाट आहे, ती खर्चिक आहे. विद्यार्थ्याने यंत्राला काय विचारले, यंत्राने काय सांगितले, त्यातले त्याने काय टाकले आणि का, हे त्याच्या लेखनासोबत मागायचे. आणि मग समोर बसवून अर्धा तास बोलायचे. पीएच. डी. च्या मौखिकीत ही रीत नावापुरती का होईना शिल्लक आहे. बोलताना धागा कोठे तुटतो ते ऐकू येते. त्यात शिक्षकाच्या पूर्वग्रहाला वाव मिळतो हा आक्षेप खोटा नाही, म्हणून दुसऱ्या महाविद्यालयातला एक परीक्षक सोबत असावा; झाकिर हुसेन समितीची नमुना-तपासणी विद्यापीठाच्या पातळीवर काहीशी अशीच दिसली असती. दोनशे विद्यार्थ्यांच्या वर्गाला या रीतीने शंभर तास लागतात. एका पूर्णवेळ अध्यापकाचे ते सहा-सात आठवड्यांचे अध्यापन होते. आणि ज्या विभागांत पूर्णवेळ अध्यापक एकच उरला आहे तेथे हे शंभर तास कोण देणार, हे अद्याप कोणत्याच अर्थसंकल्पात लिहिलेले नाही.